गजर कुणी बंद केला

नटाचा हात पुढे गेला तेव्हा तो पॅनेलकडे बघतसुद्धा नव्हता. डाव्या हातात चहाचा कप, मान मागच्या खुर्चीकडे वळलेली, कुणाच्या तरी रजेबद्दल बोलणं चाललेलं. आणि गजर वाजल्याबरोबर उजव्या हाताची दोन बोटं आपली आपण उठली, बटणावर टेकली, आवाज थांबला, हात परत मांडीवर आला. वाक्य मध्ये तुटलंही नाही. मॉनिटरसमोर बसलेल्या बाईचं पेन मात्र थांबलं. कपात चहा किती होता, मान किती वळली होती, कोणत्या शब्दाला बोट टेकलं, हे सगळं तिने टिपायला हवं होतं. त्याचेच तिला पैसे मिळत होते. पण तो हात तिच्या ओळखीचा होता. नट तिच्या फारसा ओळखीचा नव्हता, हात होता.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "हे काय होतं रे? माशी हाकललीस का?"

"गजर बंद केला."

"ते मला कळलं, कारण मी संहिता वाचलीय. घरी जेवता जेवता बघणाऱ्याला काय कळणार?"

"मी त्या दुसऱ्या अणुवीज केंद्रावर जाऊन बसलो होतो ना, निरीक्षणाला," नट म्हणाला. "सगळे असंच करतात. दिवसभर काही ना काही वाजत असतं. आधी आवाज बंद करायचा, मग दिवा कुठला लागलाय ते बघायचं. मान वळवायलासुद्धा कुणी जात नाही."

"तिकडे जात नसतील. ही मालिका तिकडच्या लोकांसाठी नाही." आणि मग मागे न बघताच त्याने आवाज चढवला, "आठवणताई, कपात चहा किती होता?"

"अर्धा," ती म्हणाली. तिने पाहिलं नव्हतं.

सेटवर तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. पूर्वी एका मालिकेत तिसऱ्या महिन्यात कुणीतरी विचारलं होतं की खुनाच्या दिवशी सासूच्या गळ्यात कोणती माळ होती, आणि तिने कागद न बघता सांगितलं होतं. तेव्हापासून ती आठवणताई. दृश्यं कधीच क्रमाने चित्रित होत नाहीत. माणूस आज मरतो, पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न होतं, आणि त्या दोन्हींत मिशी तेवढीच राहिली पाहिजे, हे बघणारं एक माणूस लागतं. ते काम तिला आवडे. त्यात मत लागत नाही. जुळतं किंवा जुळत नाही, एवढंच सांगायचं असतं, तेही विचारलं तर.

कंट्रोल रूमचा हा सेट एका बंद पडलेल्या शीतगृहात उभा केला होता. भिंती हातभर जाड, खिडकी एकही नाही, दार एकच आणि ते बाहेरून ओढून लावायचं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ही जागा घेतली होती. बाहेरचाही आत येत नसे, त्यामुळे दुपारी दार उघडलं की ऊन बघून माणसं दचकत. पॅनेल प्लायवूडचं होतं, त्याला फिकट हिरवा रंग दिला होता, आणि मागे स्टुलावर बसलेला इलेक्ट्रिशियन इशारा मिळाला की दिवे लावी. खऱ्या पॅनेलचा रंग आणखी फिका होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. खऱ्या कंट्रोल रूममध्ये ती एकदाच गेली होती, लग्न नुकतंच झालेलं असताना, घरच्या माणसांना केंद्र दाखवायचा दिवस होता तेव्हा. पांढरा कोट घातलेला नवरा तिला एकेक काटा दाखवत होता, हा पाण्याचा, हा दाबाचा, आणि तिला काटे न दिसता त्याची कॉलर दिसत होती, ती नीट बसली नव्हती. तेवढ्यात काहीतरी जोरात वाजलं. तिने त्याचा दंड धरला. त्याने बोलणं न थांबवता दोन बोटं पुढे केली, आणि आवाज गेला. "काय झालं?" तिने विचारलं. "कुठे काय? ते वाजतच असतं." मागे त्याचे साहेब उभे होते, शिफ्टचे प्रमुख. ते हसले. म्हणाले, "घरी गजराचं घड्याळ ठेवू नका, वहिनी. आमच्या बारक्याला ते ऐकू येणार नाही, हात तेवढा ऐकेल." नवरा त्या शिफ्टमध्ये वयाने सगळ्यांत लहान होता, म्हणून बारक्या. पुढे त्याचे केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, पण आता त्याला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

"मला सांग," दिग्दर्शक नटाच्या खुर्चीच्या हातावर बसून समजावत होता, "त्या गजराने काय सांगितलं? अणुभट्टीतलं पाणी उतरतंय. खरोखर उतरतंय. आणि या माणसाने तो बंद केला. इथून पुढे सगळं गाव रिकामं होणार आहे. आणि तू चहा पितोयस."

"चूक अशीच होते पण."

"होत असेल. दिसत नाही. मला दिसणारी चूक पाहिजे. त्याचं वरच्यांशी फोनवर भांडण झालंय, डोकं फिरलंय, गजर वाजतोय, आणि तो हाताची मूठ आपटतो. धाड! मागे सगळे गप्प. संपला भाग."

"त्यांचं भांडण झालं होतं का पण खरंच?"

"फोन आला होता. एवढं खरं आहे. फोन आला की भांडण होतंच की नाही?" आसपासची माणसं हसली. दिग्दर्शक वाईट नव्हता. चार वर्षं या विषयावर वाचत होता, अपघातग्रस्तांच्या वसाहतीत जाऊन राहिला होता, रात्री झोप लागत नाही म्हणायचा. पण पहिल्या वाचनाच्या दिवशीच त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की खऱ्या कंट्रोल रूममध्ये सहा माणसं होती, आपण चार ठेवतोय. "खापर फोडायला एक डोकं लागतं," तो म्हणाला होता. "सहा डोक्यांवर एक खापर फुटत नाही, नुसता चुरा होतो." मग त्या सहांतल्या तिघांना एकत्र करून एक नवखा ऑपरेटर तयार झाला. त्याला चार वाक्यं आहेत आणि उरलेला वेळ घाबरलेलं दिसायचं आहे. तिचा नवरा म्हणजे या पोराचा एक तृतीयांश. हे तिने घरी सांगितलं तेव्हा तो भाजी निवडत होता. "कोणता तृतीयांश?" त्याने विचारलं. ती हसली, तो हसला नव्हता.

आता मुद्दा असा होता की कोर्टाचं दृश्य आधीच होऊन गेलं होतं. जुन्या नगरपालिकेचं सभागृह सुरुवातीच्या आठवड्यातच मिळालं, म्हणून शिक्षा आधी झाली आणि गुन्हा आता व्हायचा होता. कोर्टात नट उभा राहून म्हणाला होता, "होय, गजर मी बंद केला. राग आला होता." म्हणजे आता राग यायलाच हवा होता. खऱ्या चौकशीत तो शब्द नव्हता. ते वाक्य तिला पाठ होतं, कारण त्या वेळच्या सगळ्या वर्तमानपत्रांत ते आलं होतं आणि तिच्या घरात ते नंतर कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. साहेब एवढंच म्हणाले होते: गजर मी बंद केला. का, कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाले, शिफ्ट माझी होती. त्याच्यापुढे काही नाही. त्यांना शिक्षा झाली आणि ती पुरी व्हायच्या आत ते तुरुंगाच्या दवाखान्यात वारले.

नवऱ्याने तिला एकदाच सांगितलं. ती तेव्हा दवाखान्यात खाटेवर पडून होती, गाव रिकामं करून बायकांना जिथे आणलं होतं तिथल्या. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ हळू आवाजात चाललेला. तो उशाशी बसून नखं कापत होता. कापता कापता म्हणाला, "बोट माझं होतं." तिला वाटलं त्याला लागलंय. तिने हात पुढे करून त्याचं बोट बघितलं. "लागलं नाही," तो म्हणाला. "गजर मी बंद केला. साहेब फोनवर होते. त्या दिवशी सकाळपासून एक काटा बिघडलेला होता, दर थोड्या वेळाने उगाच बोंबलायचा. मी प्रत्येक वेळी बंद करत होतो. तसाच तोही केला. तो खरा होता." मग साहेबांनी चौकशीत स्वतःचं नाव का सांगितलं, असं तिने विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं. "मला चौकशीत विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, शेजारी. मग ते म्हणाले, बसा. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलं असतं तर. हे वाक्य नंतर त्या दोघांच्या घरात राहायला आलं आणि गेलं नाही. शहर बदललं, त्याने पाणीपुरवठा खात्यात नोकरी धरली, तिने चित्रीकरणाच्या कामात शिरून पोट आणि मन दोन्ही भरली, तीन भाड्याची घरं झाली, चौथं स्वतःचं झालं. प्रत्येक घरात ते आधीच जाऊन बसलेलं असे. त्यांच्या घरात काहीही फार वेळ वाजत नाही. कुकरची शिट्टी, फोन, शेजाऱ्यांनी आणून ठेवलेलं लहान मुलाचं खेळणं. तो दुसऱ्या खोलीत असला तरी उठून येतो. पुढे केव्हातरी लोक त्याला शाळांमधून बोलवायला लागले, त्या दिवशी तिथे हजर असलेला माणूस म्हणून. तो जातो. मुलं विचारतात, भीती वाटली का, उजेड दिसला का, आता तुम्ही बरे आहात का. तो सगळ्यांची उत्तरं देतो. गजर कुणी बंद केला, हे कुणीच विचारत नाही. ते तर पुस्तकातच असतं.

आज सकाळी बूट घालताना ती म्हणाली होती, "साहेबांची मुलगी येणार आहे आज सेटवर. दिग्दर्शकाने बोलावलंय."

"धाकटी?"

"अहो, एकच तर होती."

"हं." तो पेपर वाचत होता. पान उलटलं नाही. "डबा घेतलास?"

"घेतला."

ती दाराशी गेली तेव्हा तो मागून म्हणाला, "काही विचारलं तिने, तर सांग."

"काय सांगू?"

"विचारेल ते."

वाटेत, बसमध्ये, तिने ठरवलं की आज सांगायचंच. कुणाला ऐकवायला नाही, चारचौघांत नाही. चहाच्या वेळी, बाजूला घेऊन. तुमच्या वडिलांनी ते बटण दाबलं नव्हतं. एवढंच वाक्य. ते ती मनात म्हणून बघत होती आणि ते दर वेळी फार लहान वाटत होतं, इतक्या वर्षांच्या मानाने. त्याच्यापुढे लगेच दुसरं वाक्य येणार होतं, मग कुणी दाबलं? आणि त्याच्यापुढे घर, नवरा, शाळांमधून मिळालेल्या शाली आणि वह्यांच्या कागदावर मुलांनी काढलेली चित्रं, पेन्शन, जिन्यात भेटल्यावर वाट देणारे शेजारी. तो बिचारा, म्हणणारे. ते सगळे एका ओळीत उभे होते आणि तिने धक्का दिला की एकामागून एक पडणार होते. दुसऱ्या बाजूला एक बाई होती, जिच्या बापाला उद्या घराघरांत जेवता जेवता लोक शिव्या घालणार होते.

ती आली. चाळिशी ओलांडलेली, अंगाने बारीक, तिचं चष्म्याचं दुकान आहे असं कुणीतरी म्हणालं. शीतगृहाचं दार मागे ओढलं गेलं तेव्हा तिने एकदा वळून दाराकडे पाहिलं, जसं सगळेच नवखे बघतात. पॅनेलपाशी गेली, प्लायवूडवरून बोट फिरवलं. नट उठून उभा राहिला. तो तिच्या वडिलांच्या कपड्यांत होता. "तुम्ही बसा ना," ती म्हणाली, आणि दोघंही अवघडून उभेच राहिले.

"चष्मा," मग ती म्हणाली. "चुकीचा आहे, पण चालेल. बाबांना जवळचं दिसायचं नाही. हा लांबचा आहे." आणि स्वतःच हसली. "सॉरी हं. दुकानात बसून बसून माझी नजर आधी तिथेच जाते. माणूस नंतर दिसतो."

"बदलू," दिग्दर्शक म्हणाला.

"नको नको. माझं एकच मागणं आहे, तुम्हाला आधी पत्रातही लिहिलं होतं. बाबांनी बटण दाबलं. ते त्यांनी स्वतः सांगितलंय, मी त्यावर काही म्हणणार नाही. लोक म्हणतात, तुझ्या बापाने गाव बुडवलं. मी ऐकून घेते. पण रागाने नाही हो. बाबा रागवत नसत. आई भांडी आपटायची, आणि बाबा विचारायचे, कोणतं फुटलं? तेवढं एक काढा. राग काढा."

दिग्दर्शकाने मान खाली घातली. त्याला वाईट वाटत होतं हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्याचा काही उपयोग नाही हेही दिसत होतं. "ताई, तुमचं पटतं मला. पण कोर्टाचं चित्रीकरण होऊन गेलंय. ते सभागृह आता मिळत नाही. तिथे ते स्वतःच म्हणतात, राग आला होता. आता इथे राग दाखवला नाही तर ते जुळणार कसं? विचारा यांना. आठवणताई, जुळेल का?"

तिला विचारलं गेलं होतं. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली, आणि साहेबांची मुलगी तिच्याकडे अशा आशेने बघत होती की जणू निकाल हिच्याच हातात आहे. तिच्या हातात फक्त पेन होतं. नाही जुळणार, असं म्हणायचं. ते खरं होतं आणि सोपं होतं. तिने डोळे मिटले. सभागृह दिसायला लागलं, उंच खिडक्या, लाकडी कठडा, नटाच्या कोटाचं वरून दुसरं बटण उघडं. पहिल्या टेकला वरून विमान गेलं. दुसऱ्या वेळी नट वाक्य विसरला होता.

"टेक दोन," ती म्हणाली.

"काय टेक दोन?"

"टेक दोनमध्ये तो शब्द नाही. ते नुसतं म्हणतात, 'गजर मी बंद केला.' आणि थांबतात. पुढचं विसरले होते. तुम्ही लगेच कट म्हटलं नव्हतं."

नट म्हणाला, "हो की. माझी पाटी कोरी झाली होती. घाम फुटला होता मला."

"त्यात मागच्या बाकावरच्या माणसाने जांभई दिली होती ना?" दिग्दर्शकाने विचारलं.

"तो डाव्या कोपऱ्यात आहे. कापता येतो."

दिग्दर्शक तिच्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत तिने कधी विचारल्यापेक्षा एक शब्द जास्त सांगितला नव्हता. त्याने गाल फुगवून हवा सोडली. "ठीक आहे. एक यांच्यासारखा घेऊ, एक माझ्यासारखा. बघू संकलनाच्या टेबलावर कोणता उभा राहतो." सगळे जागेवर गेले. चहा पुन्हा ओतला गेला, अर्धा, कारण तिने अर्धा म्हटलं होतं. आणि आता तो खरोखरच अर्धा झाला. तिला वाटलं, आपण हे केलं ते बरंच केलं, निदान एक खोटा शब्द कमी झाला. आणि त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की आपण काय केलंय. आतापर्यंत साहेबांनी फक्त गुन्हा घेतला होता. आता ती त्यांना नवऱ्याचा हातसुद्धा देत होती.

मॉनिटरसमोर तिच्या शेजारी साहेबांच्या मुलीला खुर्ची दिली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. गजर वाजला. नट रजेबद्दल बोलत होता; दोन बोटं उठली, टेकली, परत आली. कंट्रोल रूममध्ये चारही माणसं आपापलं काम करत राहिली. काही घडलंच नाही. ते अगदी बरोबर होतं, असंच झालं असणार, आणि त्यात कुणीच वाईट दिसत नव्हतं. तिच्या मनगटावर एक हात येऊन घट्ट बसला.

"असंच," साहेबांची मुलगी कुजबुजली. "बाई, अगदी असंच! बाबा असेच करायचे. घरी आई आणि मी भांडायला लागलो की हात असाच पुढे यायचा, दोन बोटं, आमच्याकडे न बघता. आणि आम्ही गप्प. मी विसरूनच गेले होते हो. इतकी वर्षं मला त्यांचा कोर्टातला फोटो तेवढा दिसायचा. हात आठवतच नव्हते." तिचे डोळे भरले होते आणि ती मोठं हसत होती. "यांना कसं कळलं?"

खरंच तसं होतं का? असेलही. त्या पॅनेलवर वर्षानुवर्षं बसलेल्या सगळ्यांचे हात सारखेच होत असतील. बारक्याने ते साहेबांकडूनच उचललं असेल, शिकाऊ माणूस चालणंसुद्धा उचलतो. किंवा या बाईला आताच, या क्षणी, ते आठवायला लागलं असेल; आणि आजपासून ते नेहमीच आठवेल, आई, भांडण, दोन बोटं, सगळं जुळेल. तिला आता कसं सांगायचं, की तो हात दुसऱ्याचा होता? सकाळी बसमध्ये ते वाक्य म्हणजे या बाईला काहीतरी परत देणं होतं. आता ते बोललं तर हातातून ओढून घेतल्यासारखं होणार होतं. सांगायचं तिने टाळलं नव्हतं, तिने फक्त थोडा वेळ घेतला होता, आणि तेवढ्यात दार लागलं होतं.

दिग्दर्शकाने त्याचाही टेक घेतला. मूठ आपटली, प्लायवूड हललं, एक दिवा आपोआप विझला. "पुन्हा," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

चहा शीतगृहाच्या मागच्या बाजूला मांडला होता, पूर्वी जिथे पेट्या मोजत तिथे. साहेबांची मुलगी कप घेऊन तिच्याजवळ आली. "तुमच्यामुळे झालं. तुम्ही ते टेकचं बोलला नसता तर यांनी ऐकलं नसतं. मी बघत होते तुमच्याकडे. तुम्हाला काय पडलं होतं, खरं म्हणजे?"

विचारेल ते सांग. "माझा नवरा त्या शिफ्टमध्ये होता," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज शांत वाटला. निदान इथपर्यंत तरी.

कप खाली ठेवला गेला. "कोण?"

"वयाने लहान होता. तुमचे बाबा त्याला—"

"बारक्या?" साहेबांची मुलगी ओरडलीच. दोघंतिघं वळून बघायला लागले. "तुम्ही बारक्याच्या मिसेस? अहो देवा! आम्ही तुम्हाला किती शोधलं. तुमचा पत्ताच नाही. बाबा तुरुंगात होते ना, मी आणि आई भेटायला जायचो. फार बोलायचे नाहीत. पण दर वेळी, निघताना, एक ठरलेलं. बारक्याचं काही कळलं का? बाळ झालं का त्याला? आई चिडायची. म्हणायची, आपलं घर बुडालं आणि तुम्हाला त्या बारक्याच्या बाळाचं पडलंय. तर म्हणायचे, अगं, त्या दिवशी सकाळी कामावर येताना त्याने मला एकट्यालाच सांगितलं होतं, दुसरा महिना आहे म्हणून. पेढे नाहीत, काही नाही, नुसतं लाजला."

तिने भिंतीला हात लावला. भिंत अजून गार होती, यंत्रं बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी. शेजारच्या खाटेवरचा रेडिओ तिला ऐकू आला. त्या दवाखान्यात बायकांना ओळीने बसवलं होतं आणि पांढऱ्या कोटातला एक माणूस प्रत्येकीला तेच सांगत पुढे जात होता: मूल ठेवणं शहाणपणाचं नाही. त्याच्यापर्यंत किती किरणं पोचली असतील सांगता येत नाही, आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही. ती हो म्हणाली होती. नवरा बाहेर उभा होता, त्याला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो नखं कापत बसला होता. वर्षभराने या शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तुम्ही होतात तितक्या अंतरावर तसं करायची गरज नव्हती बहुतेक. कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी सांगितलं ते तिला सांगता आलं नव्हतं. तिला कोट आठवत होता. कोटाचा खिसा, खिशातली दोन पेनं. तोंड नव्हतं. आणि त्या सगळ्या वर्षांत तिने एकदाही विचार केला नव्हता की साहेब पुढे कोर्टात कठड्याजवळ उभे राहून चौकशीतलंच उत्तर पुन्हा म्हणाले, शिफ्ट माझी होती, तेव्हा ते कशाकडे बघत होते. ते तिच्या पोटाकडे बघत होते. त्या दिवशी तिथे काही नव्हतं, त्याला दोन महिने होऊन गेले होते, आणि हे साहेबांना कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते विचारत होते, दर वेळी, निघताना.

"बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही," साहेबांची मुलगी म्हणाली. तिचा चेहरा अगदी जवळ आला होता, उत्सुक, थोडा लाल. "काय झालं तुम्हाला? मुलगा की मुलगी?"

आतून दिग्दर्शकाचा आवाज आला, आठवणताई कुठे आहेत? कुणीतरी म्हणालं, येतायत, चहा घेतायत.

"मुलगी," ती म्हणाली.

ते बोलल्याबरोबर पुढचं सगळं येऊन उभं राहिलं, इतक्या वर्षांच्या सवयीने, न बोलावता. वय किती, ते जुळत होतं. शाळा, मग कॉलेज दुसऱ्या गावी, नोकरी त्याहून लांब, फोन येतो, येणं होत नाही. नवऱ्याला आज घरी गेल्यावर सांगावं लागेल, तेही नीट, एकदाच, नंतर चुकायला नको. आणि तो ऐकून घेईल. भाजी निवडत असेल तर निवडत राहील.

"अगंबाई!" साहेबांच्या मुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग ते काढले. "केवढी असेल आता. कुठे असते?"

"लांब असते."

"कुणावर गेलीय? बारक्यावर की तुमच्यावर?"

"माझ्यावर."

साहेबांच्या मुलीने चष्मा नाकावर नीट केला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं; कपाळ, भुवया, नाकाचा उंचवटा, हनुवटी, दुकानात गिऱ्हाइकाकडे बघत असेल तसं, सावकाश, एकेक वर्ष काढून टाकत, त्या चेहऱ्यामागची मुलगी दिसेपर्यंत. आतून पुन्हा हाक आली. ती जागची हलली नाही. त्या बाईचं बघून होईपर्यंत तिने आपला चेहरा अजिबात हलू दिला नाही.